तिसऱ्या पाळीचा पाहुणा

आमच्या घरात आजवर एकही प्राणी ठरवून आला नाही. मांजर आलं ते एका पावसाळ्यात, दुधाच्या वासाने, आणि आम्ही त्याला ठेवून घ्यायचं की नाही हे ठरवायच्या आत ते पिठाच्या डब्यावर झोपून गेलं. सासऱ्यांच्या जुन्या घरी, सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत, एक कुत्रं होतं. ते नेमकं कुणाचं, हे त्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू या चारही भाषांत विचारलं तरी उत्तर मिळालं नसतं; जेवायला मात्र ते चारही भाषांच्या दारात वेळेवर हजर असायचं. शेजारच्या वाड्यात पिंजऱ्यातला पोपट होता. तो येणाऱ्याजाणाऱ्याला ‘काय बे’ म्हणायचा आणि त्याचं सगळ्या पेठेला कौतुक होतं. आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, हे त्या वेळी पोपटाला ठाऊक नव्हतं आणि मालकालाही.

सांगायचं इतकंच की, न विचारता येणाऱ्या प्राण्याची चर्चा होत नाही. चर्चा होते ती विचारून येणाऱ्याची. यंदा जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेहून आलेल्या धाकटीने रात्री अंथरुणात पडल्या पडल्या विचारलं, “आई, आपण चिंचिला पाळू या?” बाहेर छान थंडी होती, अंगावर आमची सोलापुरी चादर होती, दिवसभर पाळण्यात बसून आणि भेंडबत्तासे खाऊन सगळ्यांचीच मनं मोठी झाली होती. मी म्हणाले, “बघू.” आईच्या तोंडचं ‘बघू’ म्हणजे अर्धा होकार, हे चौथीतल्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मोबाइलवर सगळ्यांना चिंचिला दाखवला. राखाडी रंगाचा, चेंडूसारखा गोल, मोठाल्या पातळ कानांचा, झुबकेदार शेपटीचा एक जीव एका वाडग्यातल्या धुळीत कोलांट्या खात होता. पाहताक्षणी हात लावावासा वाटेल असाच. सासूबाईंनी चष्मा लावला, पूर्ण पाहिलं आणि म्हणाल्या, “उंदीर आहे की हा.”

“आजी, उंदीर नाही गं, कृंतक आहे,” थोरला म्हणाला. तो आठवीत आहे, त्यामुळे त्याला घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.

“म्हणजे उंदीरच की.”

इथे दोघंही बरोबर होते. चिंचिला कुरतडणाऱ्यांच्या कुळातलाच. फक्त त्याचं जवळचं नातं उंदरापेक्षा गिनीपिगशी आणि आपल्या साळिंदराशी. पण सासूबाईंच्या दृष्टीने नात्यागोत्याचा मुद्दा गौण होता. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या उंदरांसाठी आणलेला पिंजरा अजून घरात होता. त्यात येणारा उंदीर पैसे देऊन बाहेर घालवायचा आणि दुसरा पैसे देऊन आत आणायचा, हा व्यवहार त्यांना पटेना. दुकानदाराने फोनवर सांगितलेली किंमत मी इथे लिहीत नाही. सासूबाई हे वाचणार आहेत.

मग वाचन सुरू झालं. आमच्या घरी कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचं तर आधी तिचा पुरेसा अभ्यास करायची पद्धत आहे. चिंचिला दक्षिण अमेरिकेतला, अँडीज पर्वताच्या कोरड्या, थंड, खडकाळ उतारांवरचा. रात्री गारठा इतका की निसर्गाने त्याला एकेका छिद्रातून पन्नास-साठ केस दिले. आपल्या डोक्यावर एका छिद्रातून एक, फार तर दोन-तीन. त्या मऊ केसांनीच त्याचा घात केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला युरोप-अमेरिकेत त्याच्या कातड्याच्या कोटाची अशी काही टूम निघाली की, डोंगरच्या डोंगर रिकामे झाले. एका लांब कोटाला शंभरावर चिंचिला लागत. अखेर १९१० साली चिली, अर्जेंटिना, पेरू आणि बोलिव्हिया या चार देशांनी मिळून शिकारीवर बंदी घातली. तोवर उशीर झाला होता. त्याच्या दोन्ही जाती आजही धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहेत. चिलीने १९८३ साली त्यांच्यासाठी एक राखीव क्षेत्र केलं.

हे मी जेवताना वाचून दाखवलं तेव्हा सगळे जरा गप्प झाले. आमच्या नान्नजचंही तेच. माळढोक पक्ष्यासाठी तिथे १९७९ साली अभयारण्य झालं. आम्ही मुलांना घेऊन गेलो तेव्हा काळविटं भरपूर दिसली, एक लांडगा लांबून दिसला, माळढोक काही दिसला नाही. थोरला म्हणाला होता, “पाटीवर तरी आहे बे.” अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हातातली भाकरी मोडत वेगळाच हिशेब मांडला. “शंभर जनावरं मारून एक कोट. आणि इथे एक चादर, सगळी सुताची. धुवा, वाळवा, नातवंडांना द्या. ते कोट घालणाऱ्या बायकांना कुणी सोलापूरचा पत्ता नाही का दिला?”

अण्णा गिरणीत होते. साचेखात्यात, म्हणजे मागांवर. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून सोलापूर भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. त्या शहराच्या शेवटच्या तुकडीतले ते. चिंचिलाच्या सगळ्या प्रकरणात घरातला खरा जाणकार तेच निघाले, हे आम्हाला नंतर कळलं.

त्याआधी उन्हाचा मुद्दा. चिंचिलाला घाम येत नाही. अंगावर एवढी रजई, आणि उष्णता बाहेर टाकायला कान काय ते दोन. त्याला पंधरा ते वीस-एकवीस अंशांची हवा मानवते. पंचविशीच्या पुढे तो अस्वस्थ होतो, कान लाल होतात, आडवा पडतो आणि उष्माघाताने दगावूही शकतो. मी हे वाक्य दोनदा वाचलं. पंचवीस अंश! आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चहाला लागेल इतकं तापतं, आणि पहाटेची, सगळ्यात गार म्हणून आम्ही जिचं कौतुक करतो ती हवासुद्धा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची असते. आमची जी पहाटेची झुळूक, ती त्याची लू.

“कूलर लावू,” धाकटी म्हणाली.

कूलर चालत नाही. कूलर हवा गार करतो ती दमट करून, आणि दमटपणा त्या दाट केसांत शिरला की तो वाळता वाळत नाही, कातडीला बुरशी धरते. म्हणजे एसी. मार्च ते जून, दिवसरात्र. आणि तिथेच आमच्या घरातला एक जुना, झाकून ठेवलेला वाद उघडा पडला. अण्णांसाठी एसी घ्यायचा विषय दर उन्हाळ्यात निघतो. दर उन्हाळ्यात ते म्हणतात, “मला काय झालंय?” मग वाळ्याचा पडदा भिजवून खिडकीला लागतो, फरशीवर पाणी शिंपडलं जातं, अण्णा उघड्या अंगाने फरशीवर पाठ टेकतात आणि विषय पुढच्या मार्चपर्यंत तहकूब होतो.

आता सासूबाईंनी तोच धागा पकडला. “ह्यांना नाही आणि उंदराला एसी?”

माझ्या नवऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन विजेच्या बिलाचा अंदाज काढला. आकडा त्याने कुणाला दाखवला नाही, कागदाची घडी करून खिशात घातली. आमच्या घरात ज्या कागदाची घडी खिशात जाते, त्यावरचा उत्तराचा आकडा ‘नाही’ असतो.

पण धाकटी वकील व्हायची आहे. तिने चॅपमनचं उदाहरण काढलं. मथायस चॅपमन हा अमेरिकन खाण-अभियंता चिलीत तांब्याच्या खाणीवर कामाला होता. तिथे त्याला कुणीतरी पकडलेला चिंचिला आणून दाखवला आणि त्याच्या डोक्यात बसलं की, हे आपल्या देशात न्यायचे. माणसं लावून त्याने जेमतेम डझनभर जमवले. मग त्यांना एकदम खाली उतरवलं नाही. उष्ण हवेची सवय व्हावी म्हणून महिनोन्‌महिने घेत, टप्प्याटप्प्याने डोंगर उतरवला, आणि १९२३ साली जहाजाने कॅलिफोर्नियाला नेलं. वाटेत विषुववृत्त. पिंजऱ्यांना बर्फ लावून त्याने ते जगवले. आज जगभरच्या घरांत पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्या डझनभरांचीच प्रजा मानली जाते.

“बघा,” धाकटी म्हणाली, “एका माणसाने बर्फावर आणले. आपल्याकडे तर फ्रीज आहे.”

अण्णांनी विचारलं, “आणि लाइट गेली तर?”

यावर घरातल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं. विषुववृत्तावरच्या जहाजावर बर्फाची खात्री असेल. आमच्याकडे मे महिन्यातल्या वळवाच्या पहिल्या वाऱ्याबरोबर लाइट जाते आणि ती यायची वेळ विचारायची सोय नसते. आम्ही गच्चीवर जातो. चिंचिलाला गच्चीवर नेऊन काय करणार?

तरी तेवढ्यावर प्रकरण मिटलं नाही, कारण चिंचिलाच्या बाजूने बोलणारी एक जबरदस्त गोष्ट वाचनात आली आणि ती वाचून मी स्वतः क्षणभर विरघळले. चिंचिला पाण्याने आंघोळ करत नाही. पाणी त्याच्या अंगाला लावायचंच नसतं. तो धुळीत लोळतो आणि स्वच्छ होतो. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, जिथे बायका पाण्याच्या वेळेवरून लग्नाचे मुहूर्त हलवू शकतात, जिथे पिंप, कळशी, घागर, बादली, रांजण आणि शेवटी पातेली अशी भरायची उतरंड ठरलेली असते, त्या शहरासाठी बिनपाण्याच्या आंघोळीचा प्राणी म्हणजे सिद्धेश्वराचा प्रसादच. मी थोरल्याकडे पाहिलं. त्यालाही हा आंघोळीचा प्रकार मनापासून आवडलेला दिसला.

आणि धूळ? धुळीला सोलापुरात काय तोटा! विजापूर रोडला दुपारी स्कूटरवरून एक फेरी मारली की, महिनाभराची बेगमी. पण नाही. त्याला लागते ती ज्वालामुखीच्या राखेची किंवा तशाच सच्छिद्र दगडाची, पिठाहून बारीक, कोरडी भुकटी. ती केसांच्या मुळापर्यंत शिरते, तेलकटपणा शोषते आणि झटकली की निघून जाते. यावर थोरल्याने भूगोल काढला. आपलं अख्खं दख्खनचं पठार ज्वालामुखीच्या लाव्हाचं, म्हणजे आपली माती ज्वालामुखीचीच. मुद्दा बिनतोड होता. मात्र त्या लाव्हाला झिजून सहा-साडेसहा कोटी वर्षांत आपली काळी माती झाली, आणि काळ्या मातीचा स्वभाव सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावा. ती ओल धरते, फुगते, चिकटते. पावसात तिच्यात चप्पल गेली तर पाय परत येतो, चप्पल येत नाही. चिंचिला तिच्यात लोळला, तर त्याला सोडवायला पुन्हा पाणीच लागेल.

खाण्यापिण्याचा भाग मी पटकन उरकते, कारण तो वाईट वाटण्यासारखा आहे. त्याला सुकं गवत लागतं, बाराही महिने, जवळजवळ तेवढंच. दात जन्मभर वाढत असतात, ते झिजायला चघळणं हवं. (त्याचे पुढचे दात निरोगी असले की केशरी-पिवळे असतात आणि पांढरे पडले तर तब्येत बिघडली समजायचं. ही माहिती मी थोरल्यापासून लपवायला हवी होती; तीन दिवस त्याने ब्रशला हात लावला नाही.) गवताच्या ठिकाणी आपला मालदांडी ज्वारीचा कडबा चालेल का, यावर अण्णांनी बराच विचार केला. पण खरी पंचाईत पुढे होती. चिंचिलाचं पोट अतिशय नाजूक. तेलकट दाणे चालत नाहीत, म्हणजे शेंगदाणे बाद. गोड सुका मेवा चालत नाही, म्हणजे बेदाणे बाद. रसाळ, गोड फळं चालत नाहीत, म्हणजे द्राक्षं आणि डाळिंब बाद. सोलापूर जिल्हा ज्या ज्या गोष्टींसाठी नावाजला आहे, ते सगळं त्या जिवाला वर्ज्य. आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्याच्या हातावर आधी शेंगा ठेवतात, मग पाणी, मग नाव विचारतात. मुलांचे खिसे शेंगदाण्यांनी भरलेले, आणि पिंजऱ्यातला पाहुणा दोन पायांवर उभा राहून, मिशा हलवत मागतो आहे. मुलं किती वेळ ऐकतील? मुलांचं सोडा, सासूबाई किती वेळ ऐकतील? उंदीर उंदीर म्हणतील आणि आठव्या दिवशी शेंगाचटणीचा कण बोटावर घेऊन पिंजऱ्याशी जातील, हे मी लिहून देते.

आता तो मुद्दा, ज्यात अण्णा जाणकार निघाले.

धाकटीने मोठ्या कौतुकाने सांगितलं की, चिंचिला दिवसभर झोपतो आणि संध्याकाळनंतर जागा होतो. रात्रभर उड्या मारतो. पाच-सहा फूट उंच उडी त्याला सहज जमते. अण्णा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना त्या प्राण्याबद्दल आपुलकी वाटलेली दिसली. “म्हणजे तिसऱ्या पाळीचा आहे,” ते म्हणाले.

गिरणीतली तिसरी पाळी म्हणजे रात्रीची. अण्णांनी ती वर्षानुवर्षं केली. पहाटेनंतर घरी यायचं, कानात अजून साच्यांची धडधड, चहा घ्यायचा आणि भर उजेडात, तोंडावर चादर ओढून झोपायचं. दहा बाय बाराच्या खोलीत एक माणूस दिवसा झोपलेला असला की, बाकीच्या घराने कसं जगायचं याचं शास्त्र त्या पिढीच्या बायकांना अवगत होतं. भांडं आपटायचं नाही. जातं, पाटा, खलबत्ता पहाटेच उरकायचा. स्टोव्हला पिन मारायची ती ओट्याशी नाही, बाहेर. पोरांनी गल्लीत खेळायचं, भांडायचं तर पलीकडच्या गल्लीत. फेरीवाला आला तर त्याला हाताने खूण करायची. सासूबाई अजूनही दुपारी कढईत झारा ठेवताना तो हलकेच टेकवतात. गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, पण हाताला कुणी कळवलं नाही.

“ह्याला विचार,” अण्णांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. “हा लहान असताना मला ओळखायचा नाही. ह्याचा समज होता, चादरीखाली काहीतरी ठेवलंय आणि त्याला हात लावायचा नाही.”

नवरा हसला, पण थोडं उशिरा.

अण्णांनी मग धाकटीला सगळं वेळापत्रक समजावून सांगितलं. तू सकाळी सातला शाळेला जाणार, तेव्हा तो नुकताच झोपलेला. दुपारी तू आलीस की तो ऐन झोपेत. त्या वेळी पिंजऱ्याशी गलका केला, दार वाजवलं, उचलून मैत्रिणींना दाखवलं, तर तो घाबरणार. रात्री दहाला तू झोपणार, तेव्हा त्याचा भोंगा होणार. तो उठणार, अंग झाडणार, चाक फिरवणार, लाकूड कुरतडणार, आणि तुझी आजी त्याच खोलीत झोपते. “एका घरात राहून आठवडा आठवडा गाठ पडत नाही, बाळ. मी काढलेत तसे दिवस. रविवार असायचा म्हणून जमलं.”

“चिंचिलाला रविवार नसतो?” धाकटीने विचारलं.

एवढं झाल्यावर पुढचं मी फार न ताणता सांगते, जरी खरं म्हणजे मुलं असलेल्या घरासाठी तेच जास्त महत्त्वाचं आहे. चिंचिला दिसायला मांडीवर घेण्यासारखा आहे, स्वभावाने नाही. वजन अर्धा किलोच्या आसपास, त्यातलं दिसतं ते बहुतेक केस. आतल्या बरगड्या काडीच्या. मुलाने प्रेमाने आवळलं तरी त्याला इजा होते. घाबरला की जिथे पकडलंय तिथले केस झुबक्याने सोडून देतो आणि निसटतो. रानात शिकारी पक्ष्याच्या तावडीतून सुटायची ती युक्ती, घरात मात्र पोराच्या मुठीत केसांचा पुंजका आणि डोळ्यांत पाणी. मादी फार रागावली तर मूत्राची पिचकारी नेम धरून मारते. तो एकटा झुरतो, म्हणून दोन घ्यावेत; दोन घेताना नर-मादी पारखून घ्यावेत, नाहीतर एकशे अकरा दिवसांनी डोळे उघडे असलेली, अंगभर केस असलेली पिल्लं जन्मतात आणि लगेच धावायला लागतात. लेंड्या दिवसाला शेकड्यांनी. त्या गोळा कोण करणार, हे घरात कुणी विचारलं नाही. असे प्रश्न घरात विचारले जात नाहीत, कारण उत्तर स्वयंपाकघरात उभं असतं.

मला खरं थांबवलं ते त्याच्या आयुष्याने. नीट सांभाळला तर चिंचिला दहा-पंधरा वर्षं जगतो, काही वीसपर्यंत जातात. धाकटी नऊ वर्षांची. मी बोटांवर मोजलं. सोलापूरच्या मुलांचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दहावी होते, बारावी होते आणि एका पहाटे ती हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून पुण्याला जातात. सुरुवातीला दर शनिवारी येतात, मग सणाला, मग ‘बघते गं’ म्हणतात. थोरला जाणार, धाकटी जाणार. घरात मी, नवरा, आणि रात्री अकरा वाजता ताजातवाना होऊन उठणारा एक म्हातारा चिंचिला. त्याला गवत घालताना मला मुलीची आठवण येणार. बाहुली माळ्यावर टाकता येते, सायकल भाच्याला देता येते. याला पंधरा मे महिने काढून द्यावे लागतील.

दोन गोष्टी जाता जाता. कागदपत्रांचा प्रश्न आहे. रानातल्या चिंचिलाला वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात सगळ्यात कडक संरक्षण आहे, पिढ्यान्‌पिढ्या पाळीव झालेल्या वाणाला त्या करारातून सूट आहे. पण एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याने परदेशी प्राण्यांच्या नोंदणीकडे लक्ष घातलेलं आहे. तेव्हा दुकानदार ‘काही लागत नाही ताई’ म्हणाला तरी वन खात्यात विचारल्याशिवाय आणि पक्की पावती घेतल्याशिवाय कुठलाच परदेशी जीव घरी आणू नये. दुसरं, डॉक्टर. आमच्या ओळखीचे जनावरांचे डॉक्टर खिलार बैलाचा खूर आणि पंढरपुरी म्हशीचं शिंग यांत वाकबगार आहेत. त्यांना मी फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, परत लहान केला आणि म्हणाले, “वहिनी, याला सुई कुठे टोचायची?”

फेब्रुवारी गेला, शिमगा झाला, ऊन चढलं. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी सगळे फरशीला पाठ लावून पडलेलो असताना धाकटी आपण होऊन म्हणाली, “त्याला इथे नाही जमणार.” मी सुटकेचा श्वास घेते तोच पुढचं वाक्य आलं, “मग आपण महाबळेश्वरला राहायला जाऊ या.”

तेही आम्ही तपासलं. महाबळेश्वरला पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते; कोरड्या डोंगरातला जीव तिथे जूनमध्येच ओला होईल. कोकणात दमट, विदर्भात आमच्याहून ताप. महाराष्ट्राचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून एक चिंचिला ठेवायला जागा सापडली नाही. धाकटीने नकाशाची घडी केली आणि मांजराच्या वाडग्यात पाणी आहे का ते पाहायला गेली. ते मांजर वर्षभर तिच्या पायाशी झोपतं. त्याची मात्र एकही माहिती आम्ही आजवर वाचलेली नाही.

माझं मत विचाराल तर, लहान मुलांच्या घरी चिंचिला आणू नये, आणि सोलापुरात तर मोठ्यांच्या घरीही आणू नये. ज्यांच्याकडे बाराही महिने गार आणि कोरडी खोली आहे, मुलं हात न लावता नुसतं पाहण्यात रमण्याइतकी मोठी आहेत, घरात कुणीतरी रात्री जागणारं आहे आणि पुढची पंधरा वर्षं गाव सोडायचा विचार नाही, त्यांनी जरूर विचार करावा. फक्त एक विनंती: तो विचार जानेवारीत, चादर पांघरून करू नका. मे महिन्यात करा, दुपारी तीन वाजता, आणि लाइट गेलेली असताना.